शिसवीची पांढरी बाजू

आमच्या आत्याला कुणाच्या घरी न्यायचं म्हटलं की मी सबबी शोधायला लागायचे. घरची माणसं बसा म्हणून पाणी आणायला आत वळायची, तेवढ्यात ही बाई त्यांच्या कपाटाचा खण ओढून, उलटा करून, खालून बघत असायची. माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. होणाऱ्या सासूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, तर आत्या खुर्चीत नाही. ती त्यांच्या साइडबोर्डाखाली उताणी, नुसते पाय बाहेर. सासूबाईंनी ट्रे हातात धरूनच विचारलं, काही हरवलंय का? खालून उत्तर आलं, "नाही. साग चांगला आहे. मागची फळी मात्र प्लायवूडची." लग्न झालं. पण पुढे कित्येक वर्षं सासरी माझ्याशी काही बिनसलं की कुणीतरी ती मागची फळी काढायचंच.

साइडबोर्ड म्हणजे जेवणाच्या खोलीत भिंतीला लागून असायचं ते लांब, बुटकं कपाट. आत्याच्या तरुणपणी त्याची फार टूम होती. तिरके निमुळते पाय, दोन बाजूंना दारं, मधे खण, वर फुलदाणी नाहीतर रेडिओ. ज्याच्या घरी साइडबोर्ड, त्याचं बरं चाललंय असं लोक धरून चालायचे. पुढे मुलांनी ती कपाटं माळ्यावर आणि गॅरेजमध्ये ढकलली, आणि आता नातवंडं तीच शोधत माझ्या दुकानात येतात. माझं दुकान जुन्या फर्निचरचं. त्यांच्या या वेडावर माझं घर चालतं, तेव्हा मी नावं ठेवत नाही. फक्त कुणी प्लायवूडवर हात फिरवून "काय ग्रेन आहे, काय लाकडाच्या रेघा आहेत" म्हटलं की मी हिशेबाचं काहीतरी निमित्त काढून आत जाते.

आत्या खाली वाकून शोधायची ते आपल्या नवऱ्याच्या हातचं काम. आतोबा सुतार होते. एका मोठ्या शोरूमच्या मागे कारखाना होता, तिथे ते साइडबोर्ड करायचे. कपाटाच्या पाठीला शोरूमच्या नावाचा कागद चिकटवलेला असे, कारागिराचं नाव कुठेच नसे. तो कागदही चार-पाच पावसाळ्यांत गळून पडायचा. आतोबांची छाती भुशाने भरत गेली आणि चाळिशी गाठायच्या आत ते गेले. मागोमाग कारखानाही बंद पडला. घरात त्यांच्या हातचं म्हणून एक स्टूल होतं, तेही एका पायाने लंगडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. ते लंगडं स्टूलसुद्धा पुढे एका बिऱ्हाडबदलात हरवलं.

मूलबाळ नव्हतं. माझ्या वडिलांनी बहिणीला आमच्याकडे राहायला ये म्हणून खूप आग्रह केला, पण ती आली नाही. नवऱ्याकडून ती लाखेचं पॉलिश करायला शिकली होती. कापसाचा बोळा कापडात गुंडाळायचा, स्पिरिटमधल्या लाखेत बुडवायचा, आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं, हात थांबला की डाग पडला. या कामावर तिने आपलं सगळं आयुष्य काढलं, ताठ मानेने. मलाही तिनेच शिकवलं, आणि शिकवताना इतकी ओरडली की शाळेतले सगळे मास्तर मला त्या मानाने देवमाणसं वाटायला लागले.

आतोबांचं काम ओळखायचं कसं, हे तिला पाठ होतं. ते डावखुरे. कारखान्यात त्यांना डावराच म्हणायचे. रंधा मारताना माणसाचा जोर एका बाजूला जास्त पडतो आणि पात्याच्या कडेची बारीक रेघ फळीवर उमटते. वरून ती घासून जाते, पण खणाच्या तळाला कोण घासत बसतंय? आतोबांची रेघ उलट्या बाजूला पडायची. आणखी एक खूण होती. फळीवर पेन्सिलने माप लिहिलं की लिहिता लिहिता त्यांचाच तळहात त्यावरून फिरायचा आणि आकड्यांचा फराटा व्हायचा. या दोन खुणांसाठी आत्या आयुष्यभर लोकांच्या कपाटांखाली शिरली.

तिसरी खूण मात्र तिच्या अभिमानाची होती. "ह्यांनी शिसवीशिवाय दुसऱ्या लाकडाला हात लावला नाही," असं ती म्हणायची, आणि उठता बसता म्हणायची. पॉलिशवाल्या बाकीच्या बायका मागे हसायच्या. मीसुद्धा एकदा वैतागून म्हटलं होतं की आतोबांनी जेवायचा पाटही शिसवीचाच घेतला असेल. पण खाली शिरल्यावर लाकूड साग निघालं की ती खुणा बघायचीसुद्धा नाही. साग? मग ह्यांचा नाही. संपला विषय.

आता ज्या साइडबोर्डासाठी हे सगळं सांगतेय, त्याच्याकडे येते. एका वृद्ध जोडप्याचं घर मुलगा रिकामं करत होता. त्याला सगळं एका दिवसात नाहीसं व्हायला हवं होतं. जेवणाच्या खोलीत, पडद्याच्या जुन्या कापडाखाली, तो उभा होता. काळसर जांभळा, अंगावर गडद रेघांची लाट, दारांवर तर ती लाट अशी वळलेली की बघत राहावं. मी मनाशी म्हटलं, शिसव. माणसांनी उचलून टेम्पोत चढवला, त्यामुळे वजनाचा अंदाज मला आला नाही. दुकानात आल्यावर खण ओढला, खालून टॉर्च मारला, आणि तिथेच फरशीवर बसले. रेघ उलट्या बाजूला होती. मागच्या फळीवर पेन्सिलच्या आकड्यांचा फराटा होता.

मी आत्याला फोनवर काही सांगितलं नाही. एक कपाट आलंय, जरा बघून जा, एवढंच म्हटलं. त्याच सुमारास संग्रहालयातल्या एका बाई माझ्याकडे येत असत. त्या काळातल्या घरगुती फर्निचरचं प्रदर्शन त्यांना मांडायचं होतं. त्यांची एकच अडचण होती. दुकानांची नावं पुष्कळ सापडतात, कारागिराचं एकही सापडत नाही, असं त्या म्हणायच्या. एक तरी वस्तू अशी हवी की जिच्या पाटीवर कुणी केली आणि कोणत्या लाकडाची, हे दोन्ही खात्रीने लिहिता येईल. मला वाटलं, देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो.

आत्या आली. चष्मा पुसला, खण ओढला, उलटा केला. रेघेवरून बोट फिरवलं. मग मागची फळी बघायला वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा तिचे गाल ओले होते. मी तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. त्या पेन्सिलच्या फराट्यावर तिने तळवा ठेवला होता, आणि मलाही रडू आवरेना.

मग ती पुढच्या बाजूला आली. दार उघडलं. एक रेघ बोटाने धरून ती दाराच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. दाराची आतली कड नखाने खरवडली, वास घेतला. दुसरं दार बघितलं. खण हातात घेऊन नुसता तोलला. मी बघत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा उतरला.

"हे ह्यांचं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं आत्या, रेघ बघ ना, फराटा बघ ना. त्यावर ती म्हणाली की जगात डावखुरे काय एकटेच होते. चहा टाकलाय म्हटलं तर नको म्हणाली. आत्याने आयुष्यात कधी चहाला नको म्हटलं नव्हतं. पिशवी उचलून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयातल्या बाई आल्या. हुशार आणि सरळ बाई, उगाच शब्द वाया घालवणारी नाही. त्यांनी आधी सांध्यांचं, मापांचं, दारं किती हलकी फिरतात याचं कौतुक केलं. हा माणूस डावखुरा होता, हेही मी न सांगता ओळखलं. मग स्पिरिटचा बोळा दाराच्या आतल्या कोपऱ्यावर फिरवला. जांभळा रंग उतरला. मी घाईने म्हटलं, शिसवीचाही रंग उतरतो. त्या म्हणाल्या, उतरतो, म्हणून तेवढ्यावर मी काही म्हणत नाही. त्यांनी बिजागरीचे स्क्रू काढले. बिजागरीखालचं लाकूड फिक्कट पिवळं होतं. तिथलीच बारीक चकती ब्लेडने कापून त्यांनी भिंगाखाली धरली आणि मलाही बघायला दिली. शिसवीची वीण त्यात कुठेच नव्हती. दारावरची ती देखणी रेघ कडेवर येऊन थांबत होती. लाकडातली खरी रेघ थांबत नाही, कडेवरून वळून आत जाते. हे मला आत्यानेच शिकवलं होतं, आणि मी मात्र लाट बघून भुलले होते.

लाकूड आंब्याचं होतं. खोकी ठोकतात ते.

बाईंना तरीही तो साइडबोर्ड हवा होता. किंबहुना आता जास्तच हवा होता. त्या म्हणाल्या की काम इतकं चोख आहे की कारागिराचं नाव मिळालं तर सोनंच. पण त्या कारागिराला ओळखणाऱ्या कुणीतरी खात्रीने सांगायला हवं. नाहीतर पाटीवर "कारागीर अज्ञात" असं लागेल. मी म्हटलं, बघते.

आत्या एकाच खोलीत राहायची. खिडकीखाली कॉट, एका फळीवर लाखेच्या बरण्या, दाराशी वाळत घातलेले पॉलिशचे फडके. मी गेले तेव्हा ती फडक्यांच्या घड्या घालत होती. मी आंब्याचं नाव काढलं, तर ती म्हणाली, मला काय सांगतेस, खण तोलला तेव्हाच कळलं. शिसव हाताला जड लागते. आणि मग तिने जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आतोबा कारखान्यातून दारं आणि खणांचे दर्शनी भाग घरी आणायचे. ती फिक्कट असायची. आतोबा सांगायचे, ही शिसवीची पांढरी बाजू. शिसवीच्या ओंडक्यात गाभा काळा आणि सालीजवळचा थोडाच भाग पांढरा असतो, हे खरंच आहे. तो पांढरा भाग रंगवून गाभ्याशी जुळवून घेतात, हीसुद्धा कारागिरांची जुनी, सरळ रीत आहे. त्यात लबाडी नाही. तेव्हा नवीन नवरीने कशाला शंका घ्यावी? ती रोज संध्याकाळी रंग कालवायची आणि कोंबडीच्या पिसाने दारांवर रेघा ओढायची. आधी खऱ्या शिसवीचा एक तुकडा समोर ठेवून, मग न बघता. तिच्या हाताला ती लाट बसली. आतोबा दार उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, तुझ्यासारखी रेघ झाडालाही जमत नाही.

"एवढी वर्षं मी पॉलिश केलं," आत्या म्हणाली. "शिसव किती आली आणि किती गेली हाताखालून. पांढऱ्या बाजूची अख्खी दारं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. मनात यायचं एखाद्या वेळी. पण म्हटलं, नको."

मी तिची बाजू सावरायला गेले, म्हणजे खरं तर आतोबांची. शिसव मिळेनाशी झाली असेल, मालकाने दटावलं असेल, नोकरी गेली असती तर खायचं काय, छाती तेव्हाच धरायला लागली असेल. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग हातातला फडका तिने कॉटवर आपटला.

"मालकाने त्यांना सांगितलं गिऱ्हाइकाला फसव. ते मला कळतं. पोटासाठी माणूस करतो. पण मला का फसवलं? मी काय गिऱ्हाईक होते?"

तिला खूप राग आला होता आणि ज्याच्यावर आला होता तो समोर नव्हता. जिवंत नवऱ्याशी बाई भांडते, रुसते, दोन दिवस बोलत नाही, मग भाजी काय करू म्हणून विचारते. हिने काय करायचं? हो, हे त्यांचंच, असं म्हटलं तर आयुष्यभर मिरवलेला प्रामाणिक माणूस स्वतःच्या तोंडाने खोटा ठरवायचा. नाही म्हटलं तर त्यांच्या हातची सापडलेली एकमेव वस्तू कुणा अनोळखी माणसाच्या नावावर सोडून द्यायची. त्यांना हातच्या कामावरून ओळखणारं तिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं. मी तिला सांगितलं की घाई नाही. खरं तर होती. पण आत्याला घाई आहे म्हटलं की ती मुद्दाम झोपून राहायची, हे मला माहीत होतं.

नंतरच्या दिवसांत मी दोन वेळा फोन केला, तर तिने हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग एका दुपारी, नेमक्या संग्रहालयातल्या बाई दुकानात असताना, ती आली. मी ओळख करून दिली. बाईंनी तिला काही विचारलं नाही, नुसतं जागा करून दिली. आत्या साइडबोर्डासमोर उभी राहिली. तिथून तिला स्वतःच्याच हातच्या रेघा दिसत होत्या.

बाई तिला म्हणाल्या की लाकडाचं काम उत्तम आहेच, पण हा रंग ज्याने केला तो त्याहून मोठा कलावंत असावा. भिंग लावेपर्यंत त्यासुद्धा फसल्या होत्या. हे कुणाचं काम असेल, आजींना काही कल्पना आहे का, असं त्यांनी विचारलं.

आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून ठेवलं, आणि मला ते किती कठीण जातं हे माझ्या घरच्यांना विचारा.

"लिहून घ्या," ती बाईंना म्हणाली. तिने आतोबांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाली, "लाकूड आंबा. जे आहे ते लिहा. आणि रंग त्यांच्या बायकोने केला, शिसवीसारखा दिसावा म्हणून." आणि स्वतःचं नाव सांगितलं.

बाईंनी लिहून घेतलं. आदल्या भेटीत मी त्यांना पांढऱ्या बाजूची सगळी हकीकत सांगून बसले होते, तरी रंगाचं त्यांनी मुद्दाम आत्याच्याच तोंडून येऊ दिलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "पण आजी, तुम्हाला तर ते शिसवच आहे असं सांगितलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, एवढं एक वाक्य घालूया का? नाहीतर तुमच्यावर उगाच येईल."

"नको," आत्या म्हणाली. "मग लोक म्हणतील, ह्यांनी बायकोलाही फसवलं. ते आमच्या घरातलं आहे."

प्रदर्शनात तशीच पाटी लागली. कारागिराचं नाव, मग लाकूड, मग रंगाचं काम आणि तिचं नाव. वर छताचा दिवा सोडला होता, आणि त्या उजेडात तिच्या रेघा अशा झळकत होत्या की मला तिथून हलवेना. बाईंचं म्हणणं खरं ठरलं. लोक थांबायचे, वाचायचे आणि गालात हसायचे. मला प्रत्येक वेळी वाटायचं की पुढे होऊन सांगावं, अहो, तसं नाही. पण आत्या शेजारी उभी असायची आणि माझं मनगट धरून ठेवायची. तिथे मला बोलता आलं नाही. आता ती नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. लिहू नकोस असं ती कधी म्हणाली नव्हती, आणि म्हणाली असती तरी मी तिची भाची आहे.

एक जोडपं आलं होतं, म्हातारंच, एकमेकांचा हात धरून चालणारं. नवऱ्याने चष्मा वर करून पाटी मोठ्याने वाचली आणि बायकोला म्हणाला, "बघ, नवरा-बायको दोघेही लबाड. जोडी चांगली जमली होती."

आत्याने त्याच्याकडे वळून मान डोलावली.

"जमली होती," ती म्हणाली.